रंकाळ्याची चित्रं कशी मांडावीत?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातले हौशी चित्रकार शाहू स्मारक भवनात प्रदर्शन भरवतोय. विषय आपलाच परिसर, म्हणजे रंकाळा, पंचगंगेचा घाट. बहुतेक चित्रं जलरंगातली आहेत. काय सांभाळावं, दादा?

उत्तर : ताई, आधी काच बघा. जलरंगाच्या कागदाला काच थेट टेकली, की आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कागद तिला चिकटतो, बुरशीचे तांबूस ठिपके पडतात आणि आकाशाचा हलका वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, कायमचा जातो. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची किनार, हवाच, तोही आम्लमुक्त (ॲसिड-फ्री). यात काटकसर करू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून ५ फुटांच्या आसपास ठेवा. ऊन येणाऱ्या भिंतीवर एकही नको.

आणि खाली नुसतं 'निसर्गदृश्य' लिहू नका हो! कुठला घाट, कुठली वेळ, कुठलं साल, सगळं लिहा. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ साली गेले. त्यांच्या चित्रांतला रंकाळ्यातला संध्यामठ, कोटितीर्थ तलाव बघताना तेव्हाचं पाणी, तेव्हाची झाडी कळते. तुमची चित्रंही उद्या कुणीतरी तशीच बघणार आहे.

चौकटी करायला टाकण्याआधी सगळ्यांनी मिळून राजारामपुरीतलं चित्रकार-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय बघून या.