पीओपीच्या वरचा जोड आणि आमचे वाया गेलेले दोन उन्हाळे

ताई, बेडरूमचा एसी मधेच बंद पडतो, सर्व्हिसवाले व्होल्टेजवर ढकलतात आणि वायर कमी पडल्यामुळे पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या वर कुठेतरी जोड मारलाय, हे तुमचं वाचून पोटात गोळा आला. इथे इंदूरला, आमच्या सुदामा नगरच्या घरात हेच झालं होतं.

अर्थिंग, एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. मी वायरमन नाही, फक्त भोगलंय ते सांगतो.

सर्व्हिस सेंटरची माणसं तीनदा आली. दर वेळी मेन बोर्डावर मीटर लावायचं, “लाइन में प्रॉब्लम है” म्हणायचं आणि कागदावर सही घेऊन निघायचं. एसीपाशी कुणी मोजलंच नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी महारानी रोडवरून स्टॅबिलायझरही आणला. वर जोड आहे हे मला ठाऊक होतं, पण एमसीबी पडत नाही म्हणजे वायरिंग ठीक, असं मी धरून चाललो. सगळ्यात महागात पडलं ते हेच. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला पत्ता लागत नाही. गळती नसते, म्हणून गळती पकडणारा आरसीसीबीही गप्प.

शेवटी ओळखीच्या वायरमननं एसी चालू ठेवून दोन जागी मोजलं. डीबीत, म्हणजे एमसीबी असलेल्या बोर्डात, २३१ व्होल्ट, एसीच्या सॉकेटवर २२२. मधे १२ मीटर वायर, ४ चौरस मिमीची. एसीच्या ८ अँपिअरला तिच्यात जेमतेम एक व्होल्ट पडायला हवा. उरलेले ८ व्होल्ट त्या जोडात, म्हणजे ८ × ८, ६४ वॅट उष्णता. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळतं, यावरून अंदाज घ्या.

पीओपी कापलं तर टेपचा काळा चिकट गोळा पाइपला डकलेला, वीतभर इन्सुलेशन कडक झालेलं, हात लावताच पापडासारखं तुटलं. पीळ दिलेलं तांबं काळं पडलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. एसीच्या लाइनीत जोड नकोच, डीबीपासून अखंड वायर ओढा. अगदीच इलाज नसेल तर जंक्शन बॉक्समध्ये, आणि खाली उघडता येणारं झाकण. पीओपीवाले “दिसायला खराब” म्हणतील, ऐकू नका. स्क्रूची कनेक्टर पट्टी बंद जागेत मुळीच नको, गरम-थंड होऊन स्क्रू ढिले पडतात. ब्रिटनच्या वायरिंग नियमांतही, बीएस ७६७१ मध्ये, स्क्रूचा जोड तपासता येईल अशाच जागी लागतो. क्रिम्प केलेल्या, म्हणजे धातूची नळी (स्लीव्ह) दाबून केलेल्या, जोडाला सूट आहे. पण क्रिम्प रॅचेटच्या टूलनं, वायरीच्या मापाच्या स्लीव्हनं, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. पकडीनं दाबलेला क्रिम्प मी धरतच नाही.

छत फोडण्याआधी एक करा. जवळचा डाउनलाइट काढून त्या भोकातून मोबाइलनं फोटो घ्या. आमचा जोड तिथून दोन हातांवर होता, नाहक भलतीकडे कापलं. नवीन काम बंद करण्यापूर्वीही फोटो काढा, चौकटीत मेजरिंग टेप धरून.

डीबीत आणि एसीच्या सॉकेटवर अशी मोजणी चालू लाइनवर होते, ती वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः नको. तो येईपर्यंत एसीचा एमसीबी खाली पाडून ठेवा, उकडलं तरी. दोन्ही आकडे कळवा, मी रात्री नऊनंतर बघतो.