कागद चोरीचा, मजकूर खरा

गेल्या महिन्यात फुटलेल्या सरकारी कागदपत्रांविषयी या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात फ्रान्सच्या राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या कागदपत्रांवरून पुन्हा वाद पेटला. चोरीचा माल घरात ठेवणाराही चोरच ठरतो, मग मंत्रालयातून पळवलेले कागद छापणारे वृत्तपत्र आणि ते वाचणारे न्यायालय निर्दोष कसे, असे एका स्नेह्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : आपल्या स्नेह्यांची उपमा ऐकताक्षणी पटते, पण ती कागदाला लागू पडत नाही. सायकल चोरीला गेली तर ती कोणाची होती याबद्दल वाद नसतो. सरकारी फाइलमधील मजकुरावर मालकी कोणाची, मंत्रालयाची की ज्यांच्या पैशातून विमाने घेतली जातात त्या नागरिकांची, हाच येथे मुळातला वाद आहे.

घडले ते क्रमाने सांगतो. राफेल खरेदीच्या चौकशीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी फेटाळली. त्यानंतर ‘द हिंदू’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयातील काही कागदपत्रे प्रसिद्ध केली आणि यशवंत सिन्हा, अरुण शौरी व प्रशांत भूषण यांनी फेरविचार याचिकेत त्यांचा आधार घेतला. ६ मार्चला महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयात ही कागदपत्रे चोरीला गेल्याचे सांगितले आणि दोनच दिवसांनी, मूळ कागदांच्या छायाप्रती वापरल्या गेल्या असे आपल्याला म्हणायचे होते, असा खुलासा केला. सरकारचा आक्षेप असा होता की शासकीय गुपिते अधिनियम आणि पुरावा कायद्यातील सरकारी कागद न दाखवण्याचा विशेषाधिकार यांमुळे न्यायालयाने हे कागद विचारातच घेऊ नयेत.

सरन्यायाधीश रंजन गोगोई, न्या. संजय किशन कौल आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी १० एप्रिल २०१९ रोजी हा आक्षेप एकमताने फेटाळला. त्यांची कारणे आपल्या गटात जरूर वाचून दाखवा. गोपनीय शिक्का असलेला कागद छापण्यास आधीच मनाई करण्याचा अधिकार संसदेने सरकारला कोणत्याही कायद्याने दिल्याचे न्यायालयासमोर आले नाही; जे आधीच छापून सर्वांच्या हाती पोहोचले त्याबाबत विशेषाधिकार सांगण्यात अर्थ उरत नाही; आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(२) तर स्पष्टच सांगते की गुपित जपण्याने टळणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर, शासकीय गुपिते अधिनियम काहीही म्हणत असला तरी, माहिती देता येते. व्हिएतनाम युद्धाविषयीची गुप्त कागदपत्रे छापण्यास मनाई करण्याची मागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून १९७१ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी अमान्य केली होती. आपल्या न्यायालयाने त्या निकालाचाही दाखला घेतला. पुरावा हाती कसा आला यापेक्षा तो विषयाशी संबंधित आहे का, हे पाहण्याची आपल्या न्यायालयांची रीत तर १९७३ च्या पूरणमल खटल्यापासूनची आहे.

मात्र निकालाचा उत्तरार्धही त्याच गटात सांगायला हवा. कागद वाचले गेले, तरीही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या. एप्रिलमध्ये ज्यांनी जल्लोष केला त्यांपैकी अनेकांना नोव्हेंबरचा निकाल पचला नाही. मला स्वतःला एप्रिलचा निकाल अधिक मोलाचा वाटतो, कारण तो पुढच्या प्रत्येक वृत्तपत्राच्या कामाला येईल, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

मूलभूत हक्कांत वृत्तस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख नाही, ते कलम १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच सामावलेले आहे. हे ठसवणाऱ्या महत्त्वाच्या निकालांपैकी एक पुण्याच्या ‘सकाळ’ने १९६१ मध्ये मिळवला. वृत्तपत्राची पाने आणि किंमत यांची सांगड सरकारने घालून देण्याचा कायदा तेव्हा रद्द झाला. सांगलीकरांनी ही आठवण विसरू नये.

प्रश्न : त्या कागदांतील एका टिपणीवर कै. मनोहर पर्रीकर यांचा शेरा होता आणि तो छापला गेला नाही, असे आमच्याकडे अजून बोलले जाते. मग अशा अर्धवट कागदावर विश्वास का ठेवावा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. नोव्हेंबर २०१५ ची ती टिपणी आहे. पंतप्रधान कार्यालयाने फ्रान्सशी समांतर बोलणी केल्याने आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांची बाजू दुबळी होते, अशी तक्रार तीत आहे आणि पंतप्रधान कार्यालयाने अशा चर्चा टाळाव्यात असे संरक्षण सचिवांनी हाताने लिहिले आहे. त्याच कागदावर संरक्षणमंत्री पर्रीकरांनी लिहिले होते की शिखर बैठकीतून निघालेल्या विषयाच्या प्रगतीवर दोन्हीकडची कार्यालये लक्ष ठेवून आहेत असे दिसते, पाचव्या परिच्छेदातील प्रतिक्रिया अवाजवी वाटते आणि सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून विषय सोडवावा. ८ फेब्रुवारी २०१९ ला सकाळी छापलेल्या छायाचित्रात हा शेरा नव्हता. त्याच दिवशी एका वृत्तसंस्थेने शेऱ्यासह पान प्रसिद्ध केले.

ज्याने फाइल हाताळली आहे त्याला ठाऊक असते की टंकलिखित मजकूर ही फक्त सुरुवात असते आणि खरा निर्णय समासातल्या शाईत असतो. म्हणून वरिष्ठाच्या शेऱ्याविना छापलेली टिपणी वाचकाला अपुरे चित्र देते, असेच मी म्हणेन. पण त्या शेऱ्यामुळे सचिवांची हरकत पुसली जात नाही. हरकत आणि उत्तर अशी दोन्ही अक्षरे आपल्याला एका पानावर पाहता आली, ती कागद बाहेर आल्यामुळेच.

प्रश्न : सरकारने माझा फोन ऐकू नये असे मी म्हणते आणि सरकारची गुपिते मात्र उघड व्हावीत असेही म्हणते. माझा मुलगा याला दुटप्पीपणा म्हणतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : यात दुटप्पीपणा नाही. खासगीपण हा माणसाचा हक्क आहे. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो मूलभूत ठरवला. सरकारला असा हक्क नाही, त्याच्याकडे सोपवलेले काम आहे, आणि त्या कामापुरतीच त्याला गुप्तता मिळते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने नागरिकांच्या फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ रोजी चौकशी समिती नेमताना सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेऊन न्यायालयाला गप्प करता येणार नाही असे बजावले, आणि पत्रकाराला माहिती देणाऱ्याचे संरक्षण ही वृत्तस्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचेही म्हटले. म्हणजे आपल्या दोन्ही मागण्या एकाच आदेशात शेजारी शेजारी आहेत.

अडचण तेव्हा येते जेव्हा सरकारी कागदातच सामान्य माणसांची नावे असतात. विकिलीक्स या गुप्त कागद उघड करणाऱ्या संकेतस्थळाने २०१० च्या नोव्हेंबरपासून अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाख तारा, म्हणजे गोपनीय संदेश, वृत्तपत्रांच्या साथीने प्रसिद्ध करायला घेतल्या, तेव्हा धोक्यात येऊ शकणाऱ्यांची नावे झाकली जात होती. सप्टेंबर २०११ मध्ये मात्र विकिलीक्सने त्या सगळ्या नावांसकट खुल्या केल्या आणि आधीच्या सहकारी वृत्तपत्रांनी त्याचा जाहीर निषेध केला. तो निषेध मला योग्य वाटतो. पण निषेध करणाऱ्या त्याच पाच वृत्तपत्रांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्यावरील हेरगिरी कायद्याचा खटला मागे घ्यावा असे खुले पत्रही लिहिले, कारण कागद मिळवून छापणे हाच गुन्हा ठरला तर त्यांचे स्वतःचे कामही गुन्हाच ठरले असते. असांज जून २०२४ मध्ये एक आरोप कबूल करून सुटले. याउलट, १९७१ मध्ये व्हिएतनामचे कागद देणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांनी राजनैतिक वाटाघाटींचे चार खंड वृत्तपत्रांना दिलेच नव्हते, कारण शांततेच्या बोलण्यांत अडथळा यावा असे त्यांना वाटत नव्हते. मुलाला ही गोष्ट सांगा.

प्रश्न : मी तालुक्याच्या एका साप्ताहिकात काम करतो. एका कार्यालयातील कारकुनाने मला ‘गोपनीय’ शिक्क्याच्या पत्राची झेरॉक्स दिली. ती बातमी गावाच्या पाण्याशी संबंधित आहे. मी गुन्हेगार ठरेन का? (एक वार्ताहर)

उत्तर : आधी धोका स्पष्ट सांगतो. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचे कलम ५ देणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही लागू होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. दिल्लीतील पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये याच अधिनियमाखाली अटक झाली; ज्या मजकुरावरून खटला भरला तो आधीच जाहीरपणे उपलब्ध होता, तरीही सरकारने खटला मागे घेईपर्यंत त्यांचे सात महिने तुरुंगात गेले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती, पण तो अजून जागेवर आहे. पाणीपुरवठ्याच्या पत्रावर नुसता शिक्का मारल्याने ते देशाचे गुपित होत नाही हे मी ठामपणे म्हणेन, तरी छापण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या.

त्याहून मोठी काळजी त्या कारकुनाची घ्या. झेरॉक्सचे छायाचित्र मुळीच छापू नका. आवक-जावक क्रमांक, कोपऱ्यातली बरोबरची खूण, पंचिंगच्या भोकांची जागा, अर्धवट उठलेला शिक्का, एवढ्यावरून ती कोणत्या टेबलावरची प्रत आहे हे कार्यालयात दहा मिनिटांत ओळखले जाते. मजकूर आपल्या शब्दांत लिहा. शक्य असेल तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि नेमके ते पत्र न मागता त्या योजनेची संपूर्ण फाइल पाहण्याची परवानगी मागा. कलम २(ञ) मध्ये कागदपत्रे पाहण्याचा अधिकार येतो. नेमका क्रमांक मागितलात तर पत्र फुटल्याचे आपणच कळवल्यासारखे होईल. उत्तराला तीस दिवस लागू शकतात; पाणी पिण्याने कोणाचे आरोग्य आजच धोक्यात येत असेल तर मात्र थांबू नका.

माहितीचा स्रोत उघड करण्याची सक्ती प्रेस कौन्सिलपुढे होत नाही, १९७८ च्या कायद्याचे कलम १५(२) तसे सांगते. न्यायालयात मात्र पत्रकाराला असे कायदेशीर कवच नाही. आणि त्या कारकुनाला तर कोणतेच नाही. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहार उघडकीस आणणाऱ्या सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली, तेव्हा अशा माणसांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली होती. तो कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला आणि राष्ट्रपतींनी त्यावर सहीही केली, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालेली नाही. ती कधी निघणार, हा प्रश्न आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना लेखी विचारा आणि त्यांचे उत्तर आपल्या साप्ताहिकात छापा.