वादळाची लय, पट्टी आणि रस

प्रश्न असा आला आहे : जर्मन संगीतकार बेथोवनच्या सहाव्या सिंफनीतल्या (सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना; हिचं नाव पास्टोरल, पहिला प्रयोग व्हिएन्ना, 22 डिसेंबर 1808) वादळाच्या भागाचं ध्वनिमुद्रण ऐकून टिपण लिहायचंय, त्यात ‘जलद ताल, एफ मायनर पट्टी, रौद्र रस’ असं म्हटलेलं चालेल का?

‘ताल’ आधी खोडा. ताल म्हणजे मात्रांचं आवर्तन. तुम्हाला सांगायचाय तो वेग, म्हणजे टेम्पो, आणि त्याला आपला शब्द लय. ‘लय चढली’, ‘लय ठाय ठेवली’ असं आपण सहज म्हणतो, तेच इथे हवं. (‘टेम्पो’ ठेवायलाही हरकत नाही, फक्त मराठी वाचकाला आधी भाजीचा आठवतो.) ‘द्रुत लय’ लिहिताना मात्र जरा जपून. स्वरलिपीवर ‘अलेग्रो’ लिहिलंय, आणि इटालियनमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ चक्क ‘आनंदी’! बेथोवननं 1817 मध्ये मेट्रोनोमचे (ठोके मोजून देणाऱ्या यंत्राचे) आकडे जाहीर केले, त्यात या भागाला मिनिटाला 80 ठोके दिलेत. आकडा तसा मध्यमच. पण एका ठोक्यात आठ-आठ सूर भरलेत, म्हणजे सेकंदाला दहाहून जास्त. शिवाय चेलो आणि डबल बास ही व्हायोलिनच्या जातीची खर्जातली वाद्यं : चेलो पाच सूर घेतात तेवढ्या वेळात डबल बास चार घेतात. आपल्याकडे या पाचास चारच्या खेळाला लयकारी म्हणून दाद मिळाली असती. इथे दोन्ही थर एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट ऐकू येतो. म्हणून मी लिहीन : ‘लय जलद, पण धावते ती ठोक्यापेक्षा आतली सुरावट.’

‘पट्टी’ हा खरा गमतीचा शब्द. पेटीवाल्याला विचारलंत तर एफ म्हणजे पांढरी चार. पण पट्टी फक्त षड्ज कुठे धरलाय एवढंच सांगते. पांढरी चारमध्ये भूपही गाता येतो आणि भैरवीही. ‘मायनर’मध्ये पुढची माहिती आहे : गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कधी कोमल कधी शुद्ध. तेव्हा पाश्चात्त्य संगीतातली ‘की’ (key) म्हणजे पट्टी अधिक स्वरांची निवड. दुसरा फरक असा की आपला गवई गळ्याला मानवेल ती पट्टी घेतो, तिथे संगीतकार ती कागदावर ठरवून देतो. जुन्या धाटणीच्या वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणांत ‘ए’ हा वाद्यं जुळवायचा सूर बहुधा सेकंदाला 430 कंपनांच्या आसपास लावतात, आजच्या 440 ला नाही. तुमच्या पेटीवर ती पांढरी चार उतरलेली वाटेल, तरी वाजतंय ते एफ मायनरच. ‘एफ मायनर’ तसंच ठेवा, सोबत ‘पट्टी’ नको. एखाद्याला समजावायचं असेल तर ‘पांढरी चारचा षड्ज, कोमल गंधार-धैवत’ एवढं पुरे.

आणि हे सांगितलंत की टिपणातली एक छान गोष्ट आपोआप उलगडते. आधीचा भाग गावकऱ्यांच्या नाचगाण्याचा, एफ मेजरमधला (षड्ज तोच, पण गंधार-धैवत शुद्ध). तो पंचमावर येऊन लटकतो. आता षड्जावर उतरणार असं कानानं धरलेलं असतं. त्याऐवजी चेलो आणि डबल बास अर्धा सूर वर सरकून कोमल धैवतावर हलक्या आवाजात थरथरू लागतात. मध्ये थांबा नाही. वादळ सुरू होतं ते त्या एका सुरानं.

राहता राहिला रस. नदीनं, समुद्रानं ‘रौद्र रूप धारण केलं’ हे वर्तमानपत्रांनी इतकं घासलंय की वादळ म्हटलं की हात आपोआप तिकडे जातो. पण रौद्राचा स्थायीभाव क्रोध. इथे रागावलंय कोण? बेथोवननंच या सिंफनीबद्दल लिहून ठेवलंय की हे चित्र कमी, भावनेचा आविष्कार जास्त. भावना आहे ती उघड्यावर सापडलेल्या माणसांची, म्हणजे भय. शास्त्रानं ‘भयानक रस’. अडचण एवढीच की ‘भयानक गर्दी’, ‘भयानक आवडलं’ म्हणून म्हणून त्या शब्दात भय फारसं उरलेलं नाही. मी रसाचं नाव टाळून साधे शब्द घेईन. पहिल्या साधारण अर्ध्या मिनिटासाठी ‘धास्ती’ : अजून काही कोसळलेलं नाही, पण व्हायोलिनचे तुटक सूर थेंबांसारखे पडू लागलेत. मग सगळा वाद्यवृंद एफ मायनरवर आदळतो, आणि पूर्ण सिंफनीत फक्त याच भागात वाजणारी टिंपनी (नगाऱ्यासारखं तालवाद्य) प्रथम ऐकू येते. तिथून पुढे ‘थरकाप’ लिहा.