मार्व्हल कॉमिक्सच्या ‘थंडरबोल्ट्स’ टीममधले हिरो खरे कोण होते?

सगळे खलनायक! ऑनस्लॉट या महाबलाढ्य खलनायकाशी लढताना अ‍ॅव्हेंजर्स आणि फॅन्टास्टिक फोर हे सुपरहिरोंचे संघ मेले, असा जगाचा समज झाला होता. ही संधी साधून खलनायक बॅरन झेमोने आपल्या ‘मास्टर्स ऑफ ईव्हिल’ या टोळीला नवी नावं, नवे पोशाख दिले आणि स्वतः ‘सिटिझन व्ही’ बनला. आधी लोकांचा विश्वास मिळवायचा, मग जग ताब्यात घ्यायचं, असा डाव. १९९७ च्या पहिल्या अंकात हे गुपित थेट शेवटच्या पानावर फुटतं. लेखक कर्ट ब्युसिक आणि चित्रकार मार्क बॅग्ली यांची ही करामत मला आजही थक्क करते. पण त्याहून सुंदर भाग पुढे आहे. लोकांचं प्रेम मिळाल्यावर साँगबर्ड, म्हणजे पूर्वीची स्क्रीमिंग मिमी, आणि मॅक-वन, म्हणजे जुना बीटल, यांना खरोखरच चांगलं वागावंसं वाटू लागतं, आणि झेमोचा डाव त्याच्याच माणसांमुळे फसतो.