रणरागिणी: गाण्यातली की रागावलेली?

प्रश्न असा आला आहे: 'परळला नवरात्राच्या मंडपाबाहेर "रणरागिनी महाराणी ताराबाई" असा फलक पाहिला. रागिनी की रागिणी? आणि ही रागिणी गाण्यातली की रागावलेली?'

फलकाचं आधी. मराठीत 'रागिणी'च. 'रागिन्'ला स्त्रीलिंगी 'ई' लागताना आधीच्या 'र'मुळे 'न'चा 'ण' होतो. हिंदीत 'रागिनी' लिहितात. गंमत म्हणजे त्याच ओळीत 'महाराणी'चा 'ण' मात्र शाबूत आहे.

आता अर्थ. 'राग'चा धातू रञ्ज्, म्हणजे रंगणे. संस्कृतात राग म्हणजे रंग, त्यातही लाली. म्हणून माणकाला पद्मराग म्हणतात. मन रंगलं की अनुराग, रंग उतरला की विराग. चिडण्याचा अर्थ आपल्या मराठीत मुरलेला. लोकलमध्ये आपण बिनदिक्कत म्हणतो, 'मेरेको इतना राग आया ना!' समोरचा उत्तरेकडचा असेल तर बिचारा तंबोरा शोधत बसतो.

तेव्हा व्युत्पत्तीने रणरागिणी म्हणजे रणाची ओढ असलेली, रणात रंगलेली. गाण्यातल्या रागिणीचं मूळ हेच, पण इथे तिचा संबंध नाही. मराठी कानाला मात्र यात कोपच ऐकू येतो, आणि मला तो चूक वाटत नाही. जुन्या कथांत दोन्ही रंग आहेत. जैमिनी अश्वमेधातली स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडवते, लढायला उभी राहते, आणि तिला हवं असतं त्याच्याशी लग्न! देवीमाहात्म्यात चंड-मुंड चालून येतात तेव्हा अंबिकेचा चेहरा कोपाने शाईसारखा काळा पडतो आणि तिच्या कपाळातून काली बाहेर येते.

ही दुसरी कथा पुढे राज्यकारभारापर्यंत पोचली. 1700 साली राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी 1707पर्यंत, म्हणजे औरंगजेब मरेपर्यंत, त्याच्याशी लढा चालवला. त्या काळच्या कवीला त्यांच्यासाठी उपमा सुचली ती कोपलेल्या भद्रकालीची. लढणारी राणी लोकांना कशी दिसावी, हे देवीच्या कथांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

जाता जाता: काहीजण 'मर्दानी' आणि 'मर्दिनी' एकच समजतात. महिषासुरमर्दिनीतली मर्दिनी संस्कृत 'मृद्'वरून, चिरडणारी. मर्दानी फारसी 'मर्द'वरून, आपल्या कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतली. तेराव्या शतकात वारंगळच्या काकतीय राणी रुद्रमादेवींचा उल्लेख कोरीव लेखांत 'रुद्रदेव महाराज' असा पुरुषी नावाने येतो. त्यांना मर्दानी म्हणा हवं तर. ताराबाईंना रणरागिणीच शोभतं, फक्त 'ण' नीट काढा.