घरात गप्प असणारा मुलगा विनोद लिहील का?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगला त्याचं स्किट गाजलं आणि आता त्याला टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठीच लिहायचंय. ‘घरात चार शब्द बोलत नाही, हा लोकांना काय हसवणार? आणि यावर पोट भरतं का?’ असं तुम्ही इचलकरंजीहून विचारलंय.

गप्प असण्याची काळजी सोडा. अशी मुलं ऐकत असतात. शेजारच्या काकू भांडताना कोणत्या शब्दावर अडखळतात, हे ज्याच्या कानात राहतं त्याला संवाद सुचतात.

मला त्याची परीक्षा वेगळ्या ठिकाणी घ्यावीशी वाटते. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सोनी मराठीवर सुरू झाली. तिथे सचिन मोटे लिहितात. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर लिहितातही आणि कामही करतात. अशा कार्यक्रमाचं प्रहसन लिहून झालं की खरं काम सुरू होतं. वाचन होतं, नट तालमीला उभे राहतात आणि हमखास हशा येईल वाटलेली जागा कोरडी जाते. लेखकाने तिथेच बसून दुसरा पंच, म्हणजे हशा आणणारी ओळ, द्यायची, तीही त्या नटाच्या तोंडी बसेल अशी. मग पुढच्या भागासाठी पुन्हा कोरा कागद. म्हणून त्याला विचारा, गाजलेलं स्किट तालमीत किती वेळा बदललंस? त्यानंतर दुसरं लिहिलंस का? बदलताना तो चिडत नसेल, तर मला त्याच्याबद्दल फार आशा आहे.

पोटाचा प्रश्न खरा आहे. बहुतेक लेखकांना पगार नसतो. मानधन भागावर किंवा स्किटवर ठरतं, कार्यक्रम बंद झाला की थांबतं, आणि झालेल्या कामाचे पैसेही उशिरा येऊ शकतात. मुंबईत भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. त्यामुळे बी.कॉम. पूर्ण करायचंच. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हिशेबाची चार कामं हाताशी असली तर घाईने वाटेल ते लिहावं लागणार नाही.

या कामाची जाहिरात सहसा निघत नाही, ओळखी रंगमंचावर होतात. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. कॉलेजांच्या अशा एकांकिका स्पर्धांत त्याने लिहावं. कॉलेजचा संघ नसेल, तर राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूर केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या हौशी मंडळात जावं, पडेल ते काम करावं. आज सोबत तालीम करणारा नटच उद्या मुंबईहून फोन करतो. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतलं पटकथालेखनही बघता येईल. आणि एक, कुणालाही संहिता पाठवण्याआधी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायची सवय त्याला आत्तापासून लावा. ती लेखकांची संघटना आहे, करारनाम्याबद्दलही तिथे विचारता येतं.

त्याच्या पुढच्या प्रयोगाला तुम्ही दोघंही मागच्या रांगेत बसा. लोक कुठे हसले आणि कुठे चुळबुळ झाली, ते घरी आल्यावर त्याला सांगा.