वाचकांचे प्रश्न: शेजार आणि नकार

प्रश्न: एकाच शहरात अनेक धर्म नांदल्याने संस्कृतीत नेमकी कोणती भर पडते? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: नुसत्या शेजाराने फारशी नाही, उंबरठा ओलांडला गेला, तर पडते. नागपूरचे राजे रघुजीराव भोसले यांनी मुस्लिम सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले, आणि १९२५ साली बाबांचे निधन झाल्यानंतरही ताजबागेतील त्यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे भाविक येत राहिले. दीक्षाभूमीचे उदाहरण मात्र वेगळे आहे: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा विविधता सलोख्यातून नव्हे, तर जातिव्यवस्थेच्या नकारातून वाढली. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्यात हा नकारही बसतो, हे सलोख्यावर भाषणे करणारे (आम्हीही त्यांत आलोच) बहुधा विसरतात.